टेकचंद तुरकराचा शनिवार-रविवार

बोदराटोल्याच्या टेकचंद तुरकराला जन्मभर एकाच गोष्टीची भूक होती. कुणीतरी आपल्याला 'पाटील' म्हणावं. पाटीलकी होती थोरल्या भावाकडे, जागेश्वरकडे. ओटा त्याचा, ओट्यावरची घोंगडी त्याची आणि घोंगडीवर बसून खाकरण्याचा हक्कही त्याचाच. टेकचंद म्हणजे नुसता टेक्या. चाळिशी आली, मिशीत पांढरं दिसायला लागलं, तरी भाऊ बांधावरून ओरडायचा, "ए टेक्या, बैल सोड बे!" आणि हा सोडायचा. बैल सोडायला फारशी अक्कल लागत नाही, त्यामुळे ते काम त्याला झकास जमायचं.

तुरकर म्हणजे पवार, माळव्यातून, धारच्या राजांच्या कुळातून आलेले. जागेश्वर ही गोष्ट वर्षातून एकदा, दसऱ्याला बोलायचा. टेकचंद रोज बोलायचा, समोर येईल त्याला बोलायचा. न्हाव्याला सांगून झालं, पोस्टमनला सांगून झालं. एकदा सौंदडच्या स्टेशनावर झेंडी दाखवणाऱ्याला त्यानं छाती काढून सांगितलं, "आमी धारचे." तो म्हणाला, "धार? इधर से कोई गाड़ी धार नहीं जाती, भैया."

असा हा राजवंशी माणूस १९४३ च्या दसऱ्यानंतर एकाएकी लारीचा मालक झाला. जंगलाच्या एका ठेकेदारानं लाकडं ओढून ओढून टेकीला आणलेली लारी विकायला काढली होती. टेकचंदानं आपल्या वाट्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, भावाला लिहून दिलं आणि ती लारी घरी आणली. लढाईचे दिवस, पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं. म्हणून लारीच्या डाव्या कुशीला एक भलामोठा बंब बसवलेला होता, आंघोळीच्या बंबाचा पैलवान भाऊ म्हणा. त्यात लाकडाचा कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवत अर्धा तास फुंकायचा, मग जो धूर निघेल त्यावर इंजिन चालायचं. चालायचं म्हणजे मर्जी असली तर. क्लीनर ठेवायची ऐपत नव्हती. तेव्हा मालक तोच, डायव्हर तोच, हमाल तोच आणि अर्धा अर्धा तास पंखा फिरवणाराही तोच. रोज पहाटे तोंडाला काजळी फासून तो स्टेअरिंगवर बसायचा तेव्हा कुणीही म्हणालं असतं, धारची गादी अगदीच उघडी पडलेली दिसते.

पण कपाळ राजाचंच! गोंदियाच्या पेंटरकडून त्यानं लारीच्या माथ्यावर पिवळ्या रंगात लिहून घेतलं: 'धारनरेश'. पेंटरनं आपल्या अकलेनं बाजूला दोन मोर काढून दिले. मोर कोंबड्यांसारखे दिसायचे. टेकचंदला ते फार आवडले.

सोमवार ते शुक्रवार लारीला काम होतं. सौंदडच्या गिरणीतले तांदळाची पोती स्टेशनच्या मालधक्क्यावर टाकायची. पण शनिवारी गिरणी भट्टी साफ करायची आणि रविवारी मालधक्का बंद. म्हणजे शनिवार-रविवार धारनरेश बोदराटोल्यात, भावाच्या ओट्यासमोरच्या कडुलिंबाखाली उभे. कोंबड्या टपावर बसायच्या, पोरं हॉर्न दाबायची आणि जागेश्वर ओट्यावरून पाहत राहायचा. पाच दिवसांची कमाई कोळसा, टायर आणि गोंदियाच्या मिस्त्रीच्या घशात जायची. घरात काही यायचं असेल तर ते या दोन दिवसांतूनच यायला हवं, हे टेकचंदलाही कळत होतं. म्हणजे शामकलानं, त्याच्या बायकोनं, तीनदा सांगितल्यावर कळलं.

जागेश्वरनं त्याला ओट्याखाली उभं करून सुनावलं, "टेक्या, होळीपर्यंत पायतो. शनिवार-आयतवार ही गाडी अशीच इथं कोंबड्या उबवत राहिली, तर होळी पेटली की इकून टाकू. गोंदियाचा एक ठेकेदार घेतो म्हणून राहिला. तू आपला ये नांगरावर."

"कायले इकाची? मी लोड पाहूनच राहिलो."

"पाहून राहिलास म्हणजे? गाडी काय डोळ्यानं चालते?"

म्हणजे होळीपर्यंत लारीला शनिवार-रविवारचं कायमचं भाडं मिळालं, तर टेकचंद लारीवाला. नाहीतर पुन्हा बांधावरची ती हाक, "बैल सोड बे!" आणि आता तर बांधीही भावाची, म्हणजे बैल सोडायचे तेही दुसऱ्याच्या शेतात.

टेकचंद कामाला लागला. लागला म्हणजे धोतर बदललं, कोट घातला आणि सौंदडला जाऊन पानठेल्यापाशी उभा राहिला. त्याला बाजाराचे व्यापारी हवे होते. शनिवारी कोसमटोल्याचा बाजार, रविवारी पांढरगावचा. ही सगळी व्यापारी मंडळी बैलगाडीत माल घालून आदल्या रात्रीच निघायची आणि धूळ खात, हाडं खिळखिळी करत पहाटे पोचायची. टेकचंद म्हणाला, रातभर घरी झोपा, पहाटे माल चढवा, दिवस उगवायच्या आत बाजारात उतरवून देतो. डोकं चांगलं चाललं होतं. तिथंच थांबला असता तर!

तीन व्यापारी तयार झाले. कापडवाला चुन्नीलाल, मीठ-मिरची-तंबाखूचा शिवलाल आणि पितळी भांड्यांचा भोजराज. तिघांचं मिळून लारीभर लोड. शनिवार-रविवार, बारा महिने.

आता या आठवडी बाजारांची एक रीत होती. कोणती जागा कोणाची हे ठरलेलं नव्हतं. ज्याचं गाठोडं आधी जमिनीला टेकेल त्याची ती जागा. चिंचेखाली, विहिरीच्या वाटेवर पहिली बैठक मिळाली की त्या दिवशी माणूस राजा. शेवटी आला की उन्हात, नाल्याच्या कडेला. याच हावेपायी तर ही मंडळी रात्रभर बैल हाणायची. आणि लारीला उघडणारा फळका एकच, मागचा. जो माल आधी चढेल तो पार आत, डायव्हरच्या पाठीशी. जो शेवटी चढेल तो दाराशी, म्हणजे उतरणार सगळ्यात आधी.

हे गणित चुन्नीलालच्या टक्कुऱ्यात पहिल्यांदा शिरलं. त्यानं टेकचंदला बाजूला घेतलं, पान खिलवलं आणि हळूच म्हणाला, "पाटीलजी, आप तो राजा आदमी हो. मेरा गठ्ठा सबसे आखिर में चढ़ाना. बस."

पाटीलजी! टेकचंदाचं लोणी झालं. "चढवतो ना," तो म्हणाला, "तुमचाच शेवटी."

संध्याकाळी शिवलाल भेटला. तोही 'पाटील' म्हणाला. टेकचंदानं त्यालाही वचन दिलं. रात्री भोजराज मुद्दाम बोदराटोल्याला आला, भर आळीत 'पाटीलसाहेब' म्हणाला, आणि शेजारपाजारचे चार जण ऐकत होते. अशा वेळी माणूस नाही कसा म्हणणार? त्यालाही शेवटचा नंबर दिला. तिघांनाही शेवटी चढवायचं म्हणजे आधी कोणाला चढवायचं, हा प्रश्न त्याला रात्रभर पडला नाही. झोप छान लागली.

शनिवारी पहाटे सौंदडच्या स्टेशनबाहेर धारनरेश उभे. टेकचंद पंखा फिरवतोय, बंब फुरफुरतोय, धूर होतोय. इंजिन सुरू झालं. माणूस एक नाही.

चुन्नीलाल होता की! चिंचेच्या खोडामागे, गठ्ठ्यावर बसून, वाट पाहत होता की शिवलालचा माल चढू दे. शिवलाल होता मालधक्क्याच्या ओसरीत, पोत्याआड. तो भोजराजची वाट पाहत होता. भोजराज विहिरीमागे, आणि त्याच्या बिडीचा लाल ठिपका सगळ्यांना दिसत होता. तीन शहाणे तीन दिशांना दडून बसलेले, आणि मधे हा चौथा, कोळसा जाळत.

टेकचंदानं हॉर्न दिला. कोणी हललं नाही. पुन्हा दिला. स्टेशनातला कुत्रा उठून आला.

कोळसा संपत आला तेव्हा तो चिंचेपाशी गेला. "का शेठ, चढवा ना आता."

"पहले वो चढ़ाएँ," चुन्नीलाल कुजबुजला.

ओसरीत गेला. शिवलाल म्हणाला, "माझा तं शेवटी होता ना, पाटील?"

विहिरीपाशी गेला. भोजराज तर उठलाच नाही. "पाटीलसाहेब, तुमी जबान देल्ली. जबानीचे माणसं तुमी. आमी बसलो."

दिवस वर आला, उजेड झाला आणि तिघांना तिघे दिसले. मग जी काय पूजा बांधली ती स्टेशनमास्तर चहाचा कप घेऊन बाहेर येऊन ऐकत उभा राहिला. "तुले काऊन शेवटी?" "और तेरे को क्यों?" "मले पाटलानं सांगितलं!" "कौन सा पाटील? ये? ये काहे का पाटील?" शेवटी तिघांनी एकदमच माल उचलला आणि फळक्यात घुसवला. कापडाचा गठ्ठा, मिठाचं पोतं आणि पितळेची गागर, तिन्ही दारात अडकली. आत लारी रिकामी, दारात बोळा. तसंच दोरखंडानं बांधून धारनरेश निघाले.

कोसमटोल्याला पोचले तेव्हा बाजार भरून ऐन रंगात आला होता. ज्यांना या मंडळींनी 'बैलगाडीवाले गावंढळ' म्हणून सोडलं होतं ते चिंचेखाली पाय पसरून बसलेले. चुन्नीलालला जागा मिळाली ती थेट नाल्याच्या काठी, सुकसीवालीच्या मांडीला मांडी लावून.

सुकसी म्हणजे वाळवलेली बारीक मासळी. बाजारात सगळ्यांची जागा रोज बदले, सुकसीवाल्यांची कधी नाही. वारा त्या बाजूला वाहतो आणि ती जागा दुसरं कोणी फुकटही घेत नाही, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच. तिथं तुलसा बसायची. सौंदडजवळच्या तलावपारच्या ढिवरांची, म्हणजे मासेमारांची सून, माहेर चोरखमाऱ्याच्या तलावावरचं. बाई पाण्याजवळ जन्मली आणि जीभ मात्र विस्तवाची. डोक्यावर पाटी घेऊन ती पायी आली होती, आणि अर्धी पाटी विकून झाली होती.

लारी दिसताच ती उभी राहिली. "या पाटील! मी पायी आली, तुमची राजाची गाडी आता येऊन राहिली? रस्त्यात चरत होती का?"

सगळा बाजार हसला. त्यातच एका गिऱ्हाइणीनं चुन्नीलालचं लुगडं उचललं, नाकाला लावलं आणि ठेवून दिलं. मग दुसरीनं. संध्याकाळी चुन्नीलाल दुसऱ्याच्या बैलगाडीत बसून परत गेला. शिवलाल आणि भोजराज त्याच्या मागोमाग. टेकचंद रिकामी लारी घेऊन बोदराटोल्याला आला आणि शामकलाला म्हणाला, "व्यापारी लोकच नीतीचे नाहीत."

"हो ना," शामकला म्हणाली, "तुमी तं तिघाइले नीतीनं एकच जागा देली."

पुढचे तीन महिने जे चाललं त्याला धडपड म्हणायची तर धडपडीचा अपमान होईल. एका शनिवारी कुंभाराची मडकी नेली. निम्मी फुटली, उरलेली काजळली. एका रविवारी लग्नाची वरात नेली; चढावर बंब दमला आणि नवरदेवासकट सगळ्यांनी उतरून ढकललं. मुहूर्त गेला. वरमायनं टेकचंदला मांडवात जेवायलाही सांगितलं नाही, आणि हा दिवसभर त्या मांडवाबाहेर लारीला टेकून, कोणीतरी बोलावेल म्हणून कोट घालून उभा. एक मास्तर बदलीवर जाताना ट्रंक घेऊन गेला, पण मास्तरची बदली काही दर शनिवारी होत नाही. ज्या कामात कोणी 'पाटील' म्हणेल ते त्यानं घेतलं, आणि जे काम दर आठवड्याचं होतं ते हातचं घालवलं. एवढं बिनचूक चुकणं सगळ्यांना साधत नाही.

माघ उजाडला. गोंदियाच्या ठेकेदाराचा माणूस येऊन लारीभोवती दोन फेऱ्या मारून गेला, टायरला लाथ घालून गेला. टेकचंदला ती लाथ आपल्याच ढुंगणावर बसल्यासारखी वाटली. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही म्हणतात. खरं म्हणजे गेलं, पण कमी.

तेव्हा तुलसा आली. शुक्रवारी दुपारी, गिरणीच्या फाटकाशी. टेकचंद पोत्यांवर बसून होता.

"पाटील, तुमची गाडी शनिवारी उभी राह्यते ना?"

"उभी कायले राह्यते? कामं पडून आहेत."

"हो, कोंबड्याइचे. आयका. आमचे तलावपारचे अकरा घर. दर घरामागं दोन पोते सुकसी, झिंगे येगळे. शनिवारी कोसमटोला, आयतवारी पांढरगाव. दर हप्त्याले. तुमी न्या."

अकरा घरं, दर हप्त्याला, लारीभर. आणि यात पहिलं कोण, शेवटी कोण, ही भानगडच नाही. नाल्याकाठची जागा त्यांचीच, कधीही पोचा. जे तीन महिने शोधत होता ते समोर लुगडं खोचून उभं होतं. आणि हा काय म्हणाला असेल?

"तुलसाबाई, आमी धारचे. आमच्या गाडीत असा माल नाही चढत."

"असा म्हणजे कसा?"

"वास येते."

तुलसानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काजळीचं तोंड, घामाचा कोट, बंबाच्या धुराची दाढी. "तुमचा येते त्याले आमी काही म्हटलं का?" म्हणाली आणि निघाली.

घरी शामकलानं वांग्यात घातलेली सुकसी रांधली होती. टेकचंद पाटावर बसला, दोन वेळा भात घेतला, तिसऱ्यांदा घेतला, बोटं चाटली. शामकला पळी हातात धरून थांबली होती.

"कशी झाली?"

"मस्त."

"खाताना वास नाही येत वाटते धारच्या माणसाले." गावातली कुठली बातमी तिच्या आधी कोणाला कळलीय असं कधी झालंच नाही. "पोटात नेता, गाडीत नाही नेत. नांगरावर जा मंग, तिथं काय अत्तराचा वास येते?"

टेकचंदानं चौथ्यांदा भात घेतला.

पहाटे तो तलावपारला गेला, पण राजासारखा. मागच्या बाजूला ताडपत्री ताणून बांधली, कोणाला माल दिसू नये म्हणून. विचारलं कुणी तर 'तलावाचा माल' म्हणायचं, हेही ठरवून ठेवलं. तुलसाच्या तीन अटी होत्या. लारी ती म्हणेल तेव्हा निघेल. पुढं डायव्हरच्या शेजारी ती बसेल. आणि वाटेतल्या प्रत्येक टोल्यात, वाडीवस्तीत, लारी थांबवून आवाज द्यायचा. कारण निम्मा माल बाजारात जाण्याआधी बायका दारातच धान मोजून घेतात. आवाज दिल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

"आवाज तू दे," टेकचंद म्हणाला.

"बंबाच्या बोंबेत बाईचा आवाज कोण आयकते? आणि गाडी कोणाची? पाटलाची ना? मंग पाटील देईल."

पहिल्या टोल्यात त्यानं हॉर्न दिला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. एखादा मेलेल्याच्या कानात मंत्र सांगतो तसं. एक म्हातारी बाहेर आली, लारी पाहिली, "सरकारी दिसते" म्हणून दार लावून घेतलं. दुसऱ्या टोल्यात तो 'तलावाचा माल' म्हणाला. लोकांना वाटलं शिंगाडे आले. शिंगाडे नाहीत म्हटल्यावर वर शिव्या पडल्या.

आणि मग बोदराटोला आला. म्हणजे यायला हवा होता. कोसमटोल्याची वाट त्याच्या स्वतःच्या गावातून, भावाच्या ओट्यावरूनच होती. पण फाट्यावर आल्यावर टेकचंदानं लारी सरळ नाल्याच्या वाटेला घातली, तीन कोसांचा वळसा. "हा रस्ता बरा," तो म्हणाला. बऱ्या रस्त्यानं नाल्याच्या वाळूत लारीची चाकं गाडून घेतली. अकरा घरांच्या अकरा बायका खाली उतरल्या, लुगडी वर खोचली आणि धारनरेशाच्या बुडाला हात लावून त्याला बाहेर काढलं. टेकचंद स्टेअरिंगवर बसून "हां, और थोडा!" म्हणत होता. त्याचा हातभार तेवढाच.

त्या संध्याकाळी माल उतरल्यावर तुलसा म्हणाली, "आता पुढचा शनिवार होळीआधीचा. तुमच्या गावातून नेता आणि आवाज देता, तं आमी बारा महिने तुमचे. नाहीतर डोकं आहे, पाटी आहे. आमाले गाडी नाही पायजे, तुमाले लोड पायजे."

आठवडाभर टेकचंदाची अवस्था पाहण्यासारखी होती, आणि आळीनं ती पाहिलीही. दाराआड उभा राहून काहीतरी घोकायचा. शामकलानं विचारलं तर म्हणायचा, घसा साफ करून राहिलो.

शनिवार आला. चौकात होळीची लाकडं रचलेली. जागेश्वर ओट्यावर घोंगडी टाकून, आणि त्याच्या शेजारी तो गोंदियाचा टायरला लाथ मारणारा माणूस, पान चघळत. लारी आज न्यायची या तयारीनं आलेला. आळीतली झाडून सगळी माणसं काही ना काही निमित्तानं बाहेर. कुणी दातण करत होतं, कुणी उगीच अंगण झाडत होतं; जी बाई वर्षभर अंगण झाडत नाही तीही.

लारी वळणावरून आली. ताडपत्री नव्हती, तुलसानं ती काढायला लावली होती. पोती उघडी, वास लारीच्या दहा पावलं पुढं चालत आलेला. माथ्यावर पिवळं 'धारनरेश', दोन मोर-कोंबड्या, आणि काचेआड राजाच्या शेजारी, जिथं बसायला जागेश्वरलाही कधी बोलावलं नव्हतं, तिथं तुलसा पान खात बसलेली.

लारी ओट्यासमोर थांबली. टेकचंद खाली उतरला. भावाकडे पाहिलं. भावाच्या शेजारच्या माणसाकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं, तिथं कुणी नव्हतं म्हणून जरा बरं वाटलं असावं.

"काय रे टेक्या," जागेश्वर म्हणाला, "लोड काय आहे?"

"तल..." टेकचंद म्हणाला आणि तोंड मिटलं.

तुलसानं आतून दार थोपटलं. "आवाज नाही आला, पाटील!"

चारचौघांत, भावाच्या ओट्यासमोर कुणीतरी त्याला पाटील म्हणालं होतं. जन्मभराची भूक भागली, आणि ती अशी. टेकचंदानं डोळे मिटले, मान वर केली आणि ओरडला,

"सुकसी आली होऽऽ! सुकसी! झिंगे! चांगली वाळली आहे होऽऽ!"

आवाज चांगला होता. इतका चांगला, की कडुलिंबावरचे कावळे उठले. एवढी वर्षं बैलांवर ओरडून कमावलेला गळा शेवटी कामी आला. दारं उघडली. सुपात धान घेऊन बायका धावल्या, आणि सगळ्यात पुढं शामकला, पायली हातात. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. तुलसाला म्हणाली, "मागच्या खेपेले कचरा होता. आज भरून दे."

ओट्यावर जागेश्वरनं पंच्यानं नाक झाकलं. मग पंच्याआडूनच म्हणाला, "तुलसा, झिंगे आहेत का वो? ... टेक्या, घरात टाकून ये दोन शेर. आणि गोंदियाच्या शेठले सांग, गाडी नाही इकाची. शनिवारी-आयतवारी तिले काम हाय."

त्या माणसानं पान थुंकलं, सायकल उचलली आणि गेला. जाता जाता टायरला लाथ घातलीच.

लारी टेकचंदाकडे राहिली. शनिवार-रविवार भरलेले राहिले, आजही आहेत. माथ्यावरचा पिवळा रंग पावसानं उडाला, मोर आधी उडाले, 'धार' गेलं, 'नरेश' गेलं, आणि आता पंचक्रोशीत तिचं कोणी दुसरं नाव घेत नाही, सुकसीची लारी. टेकचंद अजून न्हाव्याला सांगतो की आम्ही माळव्याचे. न्हावी नाकाला फडकं लावून ऐकतो. आणि दर शनिवारी पहाटे, बंब पेटला की, तुलसा तलावपारच्या बांधावरून हाक देते, "ए पाटील, पंखा फिरव बे!"

आणि तो फिरवतो.